आधी ऊन, मग लाकूड

घराच्या पुढच्या बाजूवर मराठी माणूस हात सैल सोडून खर्च करतो. फाटक, नावाची पाटी, पोर्चमधल्या चकचकीत फरशा, तुळशीवृंदावनाला ग्रॅनाइट. मागच्या दाराने बाहेर पडलं की मात्र चित्र पालटतं. बांधकामातून उरलेल्या विटा, तडा गेलेलं पिंप, कधीतरी उपयोगी पडेल म्हणून भिंतीला टेकवून ठेवलेला पत्रा. वास्तविक घरातली निम्मी कामं याच बाजूला होतात. भांडी घासणं, धुणं, मासे साफ करणं, नारळ सोलणं, भाजी निवडणं, कुरडया-पापड वाळत घालणं. ती करणाऱ्या बहुतेक बायका, आणि त्यांच्या डोक्यावर ऊन. घराच्या नकाशात मागच्या बाजूला ‘मोकळी जागा’ एवढंच लिहिलेलं असतं. त्या मोकळ्या जागेत दुपारी दोन वाजता कोण उभं असेल, हा प्रश्न नकाशा काढणाऱ्याला पडत नाही आणि घरमालकालाही पडत नाही.

हे पुस्तक त्या मागच्या जागेचं आहे. कुणी तिला परस म्हणेल, कुणी परडं. तिथे लाकडाने, बांबूने, वेलींनी सावली कशी उभी करायची, ती किती वर्षं टिकवायची आणि कधी उतरवायची, एवढाच याचा विषय. मापं, सांध्यांची चित्रं, सामानाच्या याद्या पुढच्या प्रकरणांत आहेत. त्यांची उजळणी इथे करत नाही. इथे सांगायचंय ते इतकंच की हे काम आपण उलट्या टोकाकडून सुरू करतो. आधी लाकूड ठरतं, मग आकार, मग पॉलिशचा रंग. आणि सावली नेमकी कुठे पडते ते सगळं उभं राहिल्यावर कळतं. तोवर सुताराचे पैसे देऊन झालेले असतात.

तेव्हा सुरुवात उन्हापासून. महाराष्ट्र आणि गोवा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला येतात. म्हणजे आपल्याकडे प्रत्येक गावात वर्षातून दोनदा सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. सावंतवाडीला मेच्या पहिल्या आठवड्यात, पुण्याला मेच्या मध्यावर, नागपूरला मेच्या शेवटच्या आठवड्यात. दुसरी खेप जुलै-ऑगस्टमध्ये, पण तेव्हा ढग असतात म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. शाळेत हल्ली या दिवशी मुलांना मैदानात काठी उभी करून शून्य सावली दाखवतात. परस बांधणाऱ्यानेही हा प्रयोग करून बघावा, फक्त काठी दिवसभर तशीच ठेवावी. पुण्यात साडेबाराच्या सुमारास सावली काठीच्या बुडाशी गोळा होते. तीन वाजता सूर्य क्षितिजापासून पंचावन्न अंशांवर उतरलेला असतो, चार वाजता चाळीसवर. सात फूट उंचीच्या छपराची सावली तीन वाजता पाच फूट पूर्वेला सरकते आणि चार वाजता आठ फूट. आता विचार करा. आठ फूट रुंदीचा मांडव तुम्ही हौसेने घातला, त्याच्याखाली बाकडं ठेवलं आणि चार वाजता चहा घेऊन आलात. मांडव जागेवर आहे, बाकडं जागेवर आहे, सावली मात्र शेजारच्या केळीवर गेलेली आहे.

छप्पर उंच केलं तर सावली आणखी लांब पळते. बारा फुटांवर छप्पर घेतलं, तर चार वाजता ती चौदा फूट सरकते. हॉटेलांच्या बागेत बघून आलेली माणसं उंच मांडव मागतात. उंच मांडवाखाली हवा चांगली खेळते हे खरं, पण घराच्या मागच्या चिंचोळ्या पट्ट्यात तो फक्त दुपारी बाराच्या उन्हावर इलाज करतो. आपल्या उन्हाचा खरा त्रास तीन ते साडेपाचचा. तो वरून येत नाही, पश्चिमेकडून तिरपा येतो. मेमध्ये सूर्य मावळतो तोही नेमक्या पश्चिमेला नाही, तिच्या उत्तरेला वीस अंश सरकून. डिसेंबरात तोच दक्षिणेला पंचवीस अंश गेलेला असतो. या सरकण्याचा हिशेब ज्याने केला, त्याला आपोआप कळतं की परसातल्या मांडवाला छपराइतकीच पश्चिमेच्या बाजूची उभी तट्टी लागते. पैसे मोजकेच असतील तर मी म्हणेन छप्पर थोडं आखूड करा, पण तट्टी टाळू नका.

आणि थंडी? डिसेंबरच्या शेवटी पुण्यात दुपारचा सूर्य दक्षिणेला अठ्ठेचाळीस अंशांवर असतो. सात फुटी मांडवाची सावली तेव्हा सहा फुटांहून जास्त उत्तरेकडे जाते, म्हणजे मांडवाच्या दक्षिण कडेला उन्हाचा पट्टा आतपर्यंत येतो. आजोबांची खुर्ची हिवाळ्यात तिथे ठेवावी. एकाच मांडवात दोन ऋतूंची सोय होते आणि त्याला एक रुपयाही जास्त लागत नाही. फक्त दक्षिणेची बाजू उघडी ठेवायचं भान लागतं.

हे सगळं इतक्या तपशिलाने लिहितोय त्याला कारण आहे. गेल्या काही वर्षांत बंगल्यांच्या मागे पर्गोला दिसू लागलेत. चार खांब, वर दोन तुळया आणि त्यांवर एक-एक फुटावर आडव्या फळ्या. फोटोत सुंदर दिसतात. ही मूळची भूमध्य समुद्राकाठची रीत. पाँपेईच्या उत्खननात सापडलेल्या बागांतही तिच्या खुणा आहेत. पण इटलीत सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. फ्लॉरेन्समध्ये ऐन जूनमध्येसुद्धा तो दुपारी सत्तर अंशांच्या वर चढत नाही. आपल्याकडे मेच्या भर दुपारी दोन इंच जाडीच्या फळ्या फूटभर अंतराने लावल्या तर सावलीचा हिस्सा एक षष्ठांश. बाकीचे पाच हिस्से ऊन. साग वापरलात तरी तेवढंच, प्लास्टिक वापरलंत तरी तेवढंच.

फळ्यांचा पर्गोला करायचाच असेल तर निदान फळ्यांची दिशा सुताराच्या सोयीवर सोडू नका. सहा इंच रुंदीच्या फळ्या उभ्या कडेवर, दक्षिणोत्तर धावतील अशा लावल्या, तर तीन वाजता निम्मी जागा झाकली जाते आणि चार वाजता पाऊण. त्याच फळ्या पूर्व-पश्चिम लावल्या तर चार वाजताही ऊन जवळजवळ तसंच आत. लाकूड तेवढंच, मजुरी तेवढीच.

पर्गोल्याच्या मूळ कल्पनेत सावली लाकडाची नव्हतीच, ती वेलीची होती. द्राक्षाची वेल तिथे उन्हाळ्यात पानांनी भरते आणि थंडीत निष्पर्ण होते, म्हणजे हवं तेव्हा सावली आणि हवं तेव्हा ऊन. इथे आपण फसतो. नाशिक-सांगलीकडच्या बागाईतदाराला विचारा. आपल्याकडे द्राक्ष काढून झालं की एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. ऐन उन्हाच्या तोंडावर वेल बोडकी. द्राक्षाचा मांडव हे आमच्याकडे उत्तम पीक आहे, सावली म्हणून मात्र कुचकामी. पावसाळी वेलींचंही तेच. जूनमध्ये लावलेला दोडका, पडवळ, घोसाळी ऑगस्टपासून मांडव भरून टाकतात आणि दिवाळीपर्यंत संपतात. भाजी मिळते, पण उन्हाळा कोरडाच जातो. उपाय दोन. एक तर हेच दोडका-दुधी जानेवारी-फेब्रुवारीत टोकायचे आणि रोज पाणी घालायचं, म्हणजे एप्रिलमध्ये पानं वर पोचतात. नाहीतर बारमाही वेल लावायची. मधुमालती, कृष्णकमळ, जुई, आणि माझी आवडती तोंडली. तोंडली दिसायला साधी, पण पानं दाट, पाणी कमी, आणि वर्षानुवर्षं भाजी. तिला मासिकांत कुणी छापत नाही हा तिचा दोष नव्हे. बोगनवेल मात्र जपून. रंग बघून भुलाल आणि पाच वर्षांनी तिचं वजन पेलायला लोखंडी खांब आणाल.

आपल्याकडचा मांडव या सगळ्या उन्हा-पावसाचा विचार करून घडलेला आहे, आणि तो समजून घ्यायचा तर कोकणात जावं लागतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात आणि गोव्यात पाऊस संपला, भात झोडून झालं, की घराच्या खळ्यात आणि मागच्या दारी मांडव उभे राहायला लागतात. मालवणी आणि गोंयकार माणूस त्याला माटव म्हणतो. खांब म्हणजे पोफळीचे सोट किंवा रानातून आणलेले बेचक्याचे दांडे. बेचकं वर, त्यात आडवा वासा नुसता ठेवायचा. खिळा नको, खाच नको. वाशांवर उभे-आडवे बांबू, गाठी सुंभाच्या. आणि वर माडाच्या झावळ्या, कुठे तशाच तर कुठे विणून. विणलेल्या झापाला ऊन भेदत नाही पण वारा भेदतो. गरम झालेली हवा त्यातून वर निघून जाते. झाप स्वतः फारसा तापत नाही, म्हणून त्याच्याखाली बसलेल्या माणसाच्या टाळूला झळ लागत नाही. पत्र्याखाली बसलेल्याला हा फरक सांगावा लागत नाही. पत्रा ऊन अडवतो, पण स्वतः तापून तीच धग खाली टाकतो, आणि संध्याकाळी सहा वाजताही त्याच्याखाली बसवत नाही.

मेअखेर आकाश भरून यायला लागलं की हा मांडव उतरवतात. आगोटीच्या कामांतलं ते एक. झावळ्या तोवर वाळून खंगलेल्या असतात. त्या न्हाणीच्या चुलीत जळण म्हणून जातात, थोड्या चांगल्या असतील त्या पावसाची झड अडवायला पडवीच्या बाजूला बांधतात. बांबू आणि वासे माळ्यावर किंवा वळचणीला, कोरड्यात. खांबांचे खड्डे दगडाने बुजवायचे, दिवाळीला पुन्हा उकरायचे. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात लाकूड वाचवण्याचा याहून स्वस्त उपाय अजून कुणाला सापडलेला नाही. लाकडाला पावसात ठेवायचंच नाही! आम्ही शहरातले लोक मांडव कायमचा बांधतो आणि मग दरवर्षी वॉर्निशच्या डब्यांवर पैसे घालवतो.

म्हणून या पुस्तकातले बरेचसे आराखडे उतरवता येतील असे आहेत. वाचकाला पहिल्यांदा ते कमी दर्जाचे वाटतील. कायम टिकणारं ते चांगलं, अशी आपली समजूत सिमेंटने करून दिली आहे. परसात ती सोडून द्यावी. दरवर्षी दोन दिवस हात लावावा लागणारा मांडव दहा वर्षं सहज चालतो, कारण त्या दोन दिवसांत कुजलेला बांबू दिसतो, सैल गाठ दिसते, वाळवीची मातीची नळी दिसते. कायमच्या मांडवाकडे कुणी बघत नाही. तो एके दिवशी खचतो तेव्हाच बघतात. शिवाय पावसाळ्यात मांडव नसला तर परसाला त्या दिवसांतलं थोडं ऊनही मिळतं, ते तिथल्या शेवाळाला आणि डासांना आवरतं.

सह्याद्रीच्या पलीकडे गेलं की गणित बदलतं. पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यामुळे लाकडावर छप्पर असेल तर ते बाहेर राहू शकतं. विदर्भात त्रास पावसाचा कमी, कोरड्या उन्हाचा जास्त. तिथे तट्ट्यांची विद्या आहे. बांबूच्या कामट्यांच्या तट्ट्या, वाळ्याचे पडदे, तुराट्यांचे आणि पऱ्हाटीचे कूड. वर्ध्याजवळ सेवाग्रामला बापू कुटी बघायला लोक जातात आणि चरखा बघून परत येतात. जाल तेव्हा तिच्या ओसरीत थोडा वेळ उभे राहा. गांधीजी 1936 साली सेगावला, म्हणजे आताच्या सेवाग्रामला, राहायला आले. ही कुटी मुळात मीराबेन यांच्यासाठी बांधलेली. माती, बांबू, लाकडी खांब, कौलं. कौलांचे पाखे पुरेसे खाली उतरलेले, आणि बाजूंना बांबूच्या तट्ट्या. भिंतीला थेट ऊन लागू द्यायचं नाही, हा तिथला सगळा मंत्र. वर्ध्याच्या उन्हात माणूस पंख्याशिवाय दुपार कशी काढू शकतो याचं उत्तर त्या पुढे आलेल्या छपरात आहे. आपल्या घराची मागची भिंत पश्चिमेला असेल तर परसातला मांडव तिला चिकटून घ्यावा, तो याच कारणासाठी. मांडवाचा उपयोग मग आतल्या स्वयंपाकघरालाही होतो.

मिरज-सांगलीकडचे पानमळे हा आणखी वेगळाच धडा. नागवेलीला तिथे लाकडी खांब देत नाहीत. शेवरी, हादगा, पांगारा, शेवगा अशी झाडंच ओळीने वाढवतात; वेल त्यांच्यावर चढते आणि त्यांच्याच सावलीत राहते. खांबाला वाळवी लागायचा प्रश्न नाही, कारण खांब जिवंत आहे. परसाच्या कुंपणाकडची बाजू अशी करता येते. पांगाऱ्याचा किंवा गिरिपुष्पाचा दांडा पावसाच्या तोंडावर पुरला की बहुधा फुटतो. त्याला फांद्या छाटून ताब्यात ठेवावं लागतं एवढंच. त्या छाटणीतला पाला परत त्याच मातीत घालावा.

आता लाकूड. साग उत्तम हे कुणी नव्याने सांगायला नको. आलापल्ली-बल्लारपूरकडच्या सागाची कीर्ती एवढी की अयोध्येच्या मंदिरासाठी 2023 साली तो तिथून वाजतगाजत गेला. परसातल्या मांडवाला तो हवाच असं नाही. घ्यायचाच झाला तर एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा: फळीत गाभा किती आणि सालीलगतचा पांढरा भाग किती. वाळवीला आणि बुरशीला तोंड देणारा तो गाभा. पांढरा भाग सागाचा असला तरी आंब्याच्या फळीइतकाच लवकर जातो. कमी वयाच्या लागवडीच्या सागात तो भरपूर असतो, आणि वखारीत रंग लावून ठेवला की ओळखू येत नाही. खांबांना ऐन आणि किंजळ जुन्या सुतारांच्या भरवशाची लाकडं. जुनी घरं पाडली जातात तिथे ही मिळतात. जुन्या तुळईचे खिळे उपसून, रंधा मारून घेतलेलं लाकूड मी नव्यापेक्षा वर धरीन; ते वळायचं, चिरायचं ते सगळं आधीच करून बसलेलं असतं. फणस चांगला, पण महाग झालाय. शिवण हलकी, बाकांना उत्तम. सुरू आणि निलगिरी स्वस्त, सरळ, आणि जमिनीत पुरले तर दोन-तीन पावसाळ्यांचे सोबती. आंब्याच्या फळ्या उघड्यावर वापरू नका.

कायद्याचंही एक वाक्य. आपल्या आवारातलं झाड आपलं असलं तरी तोड आपल्या मर्जीची नाही. 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्यात साग, आंबा, फणस, ऐन यांसारखी झाडं आहेत. शहरांसाठी 1975 चा वेगळा कायदा आहे. परवानगी घेऊनच कुऱ्हाड उचलावी. बांबूची गोष्ट निराळी. वनक्षेत्राबाहेरचा बांबू 2017 साली वृक्षाच्या व्याख्येतून काढला गेला, आणि शेतकऱ्याला तो लावणं, तोडणं, विकणं मोकळं झालं.

लाकूड कुठलंही घ्या, ते कुजतं बुडाशी. वरच्या सहा फुटांना काही होत नाही. जमिनीलगतच्या सहा इंचांत ओल, हवा आणि वाळवी तिन्ही एकत्र येतात. पेशवाईतल्या वाड्यांत खांब मातीत पुरलेले दिसत नाहीत. प्रत्येकाखाली दगडाचा तळखडा असतो आणि खांब त्यावर उभा. शेदोनशे वर्षं तो तग धरतो याचं मोठं श्रेय त्या दगडाला. आजचा कंत्राटदार काय करतो? खड्डा खणतो, खांब उभा करतो आणि भोवती काँक्रीट ओततो. मजबूत दिसतं. प्रत्यक्षात लाकडाभोवती पाणी धरून ठेवणारा पेला तयार झालेला असतो, आणि खांब आतून सडायला लागतो. त्याऐवजी काँक्रीटचा ओटा जमिनीच्या वर आणा, त्यात लोखंडी पट्टी बसवा आणि खांब त्या पट्टीला बोल्टने असा पकडा की त्याचा तळ ओट्याला टेकणार नाही. दोन इंचांची फट पुरे. कोकणात खांबाच्या बुडाला काजूच्या टरफलाचं तेल किंवा डांबर लावतात, तेही जरूर लावा. पण तेल हा दुय्यम उपाय. वापरलेलं इंजिन ऑइल मात्र लावू नका. ज्या मातीत अळू आणि मिरची लावणार त्याच मातीत ते उतरतं.

बांबूला या पुस्तकात सगळ्यात जास्त पानं दिली आहेत, आणि ती मुद्दाम. सिंधुदुर्गातला माणगा जवळजवळ भरीव असतो, खिळा सहन करतो, सरळ वाढतो. विदर्भातला कटांग जाड आणि पोकळ. मांडवाला माणगा सरस. बांबू तीन ते चार वर्षांचा हवा. कोवळा बांबू वाळताना सुरकुततो आणि भुंग्याला आवडतो, कारण त्यात पिठूळ अंश जास्त. त्याच पिठूळ अंशामुळे पावसाळ्यातही बांबू तोडू नये, पाऊस सरल्यावर थंडीत तोडावा. गावाकडे अंधाऱ्या पंधरवड्यात तोडतात. पूर्वी तोडलेले बांबू ओढ्यात किंवा तळ्यात काही आठवडे बुडवून ठेवत, म्हणजे पिठूळ अंश पाण्यात निघून जाई. आता बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात भिजवतात. हे द्रावण कीड चांगली रोखतं, पण पावसाने धुऊन जातं, आणि ही गोष्ट विक्रेते सहसा बोलत नाहीत. तेव्हा प्रक्रिया केलेला बांबूसुद्धा छपराखाली तरी हवा किंवा पावसाळ्यात उतरवून ठेवलेला तरी. कुडाळचं कोनबॅक हे बांबू केंद्र, चंद्रपूरजवळच्या चिचपल्लीचं बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र, मेळघाटात लवाद्याचं संपूर्ण बांबू केंद्र, या ठिकाणी हे काम डोळ्यांनी बघायला मिळतं. आणि गावातला बुरूड विसरू नका. पुण्याची बुरूडआळी असो की तालुक्याच्या बाजारातली दोन दुकानं, तट्टी कशी विणायची हे त्या घरांतून पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. त्यांच्याशी घासाघीस करणारा गिऱ्हाईक पर्गोल्याच्या कंपनीला मात्र निमूट आगाऊ रक्कम देतो, हे बघून मला राग येतो. तो इथे लिहून ठेवतो.

वाऱ्याचा विचार बहुतेक लोक विसरतात. मांडव खाली कोसळेल अशी भीती असते, म्हणून जाड खांब घेतात. हलकं छप्पर कोसळण्याआधी उडतं. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा श्रीवर्धन-मुरूडच्या पट्ट्यात माडा-पोफळींच्या बागा आडव्या झाल्या आणि घरांचे पत्रे उडाले. छपराखालून घुसलेला वारा पत्र्याला वर उचलतो; त्याला धरून ठेवायला वजन नाही, बांध लागतो. खांब तळाशी जखडलेला, तुळई खांबाशी जखडलेली, छप्पर तुळईशी. या साखळीतली एक कडी सैल असली की बाकीच्यांचा उपयोग नाही. झावळ्यांच्या किंवा शेडनेटच्या छपरातून वारा निसटतो, म्हणून त्यावर ताण कमी येतो. शेडनेटबद्दल नाक मुरडणारे बरेच असतात. रोपवाटिकेतली ती हिरवी जाळी परसात डोळ्याला खुपते हे मान्य, पण झावळ्या न मिळणाऱ्या शहरात पंचाहत्तर टक्क्यांची जाळी बांबूच्या चौकटीवर ताणली आणि कडेने वेल सोडली की काम भागतं. बसायच्या जागेला पन्नास टक्क्यांची कमी पडते, आणि नव्वदची घेतलीत तर खाली तुळससुद्धा धड वाढत नाही.

झाड असताना मांडव कशाला, असं विचारणारे वाचक भेटतील. बरोबर आहे त्यांचं. कडुनिंबाखालच्या सावलीची सर कुठल्याही मांडवाला नाही, कारण झाड ऊन अडवतंच, शिवाय पानांतून पाणी सोडून भोवतालची हवाही थंड ठेवतं. परसात जागा असेल तर पश्चिमेला झाड लावाच. फक्त त्याला पाच-सात वर्षं लागतात, आणि भांडी आज घासायची असतात. मांडव हा त्या मधल्या वर्षांचा सोबती. झाड मोठं झालं की मांडव दुसरीकडे हलवा, उतरवता येण्याजोगा केलाय तो त्याचसाठी. शेवगा भराभर वाढतो म्हणून बाकड्यावर सावलीला लावू नका. त्याची फांदी सरळ डोक्यात येते.

संपूर्ण परस झाकायचा मोह मात्र टाळावा. वाळवणाला, कपड्यांना, तुळशीला, लोणच्याच्या बरणीला ऊन लागतंच. जागेचा तिसरा हिस्सा सावलीत, बाकी उघडा, हे प्रमाण मला बहुतेक ठिकाणी बरं वाटलं आहे. आणि शहरात राहत असाल तर बंगल्याभोवतीच्या सोडलेल्या जागेत पक्कं छप्पर घालण्याआधी नगरपालिकेत चौकशी करा. सुटा मांडव आणि पक्कं बांधकाम यांत नियम फरक करतात, शेजारी करतीलच असं नाही.

पुस्तक कसं वाचावं याबद्दल एकच विनंती. ते उन्हाळ्यात हातात घ्या आणि लगेच सुताराकडे जाऊ नका. एप्रिल-मेमधला एक दिवस निवडून सकाळी नऊ, दुपारी एक, तीन आणि पाच वाजता परसातल्या सावल्यांच्या कडा खडूने आखा आणि कागदावर उतरवून घ्या. त्याच कागदावर कोणत्या वेळी कोण कुठे काय काम करतं ते लिहा. हे लिहिताना घरातल्या बाईला विचारा, स्वतःच्या अंदाजाने भरू नका. तो कागद हाताशी असेल तर तिसऱ्या प्रकरणातले आराखडे तुमच्या जागेवर बसवता येतील, नसेल तर ती नुसती चित्रं आहेत. बांधकाम दिवाळीनंतर काढा. चांगला पक्का बांबू त्याच सुमारास तोडला जातो आणि मांडवाच्या हंगामात तो लवकर संपतो, तेव्हा बुरडाकडे मागणी नवरात्राच्या आधीच नोंदवून ठेवा.